यीस्ट कोणत्या वाटेने श्वास घेतं ते स्वतः कसं शोधायचं

बीएस्सीच्या नोट्समध्ये श्वसनसाखळीचं, म्हणजे अन्नातले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत नेणाऱ्या साखळीचं जे चित्र असतं ना, ओळीने प्रोटीनचे गट, कॉम्प्लेक्स एक, दोन, तीन, चार आणि शेवटी एटीपी (पेशीची वापरायची ऊर्जा) बनवणारं पाचवं, ते मुख्यतः गाईच्या हृदयातल्या माइटोकॉन्ड्रियावरच्या कामातून आलंय. बेकरीच्या यीस्टला ते जसंच्या तसं लागू होत नाही. सॅकरोमायसिस सेरेव्हिसीमध्ये कॉम्प्लेक्स एक नाहीच, आणि दुसऱ्या कितीतरी यीस्टमध्ये एक जादा वाट असते जी त्या चित्रात कुठेच दाखवलेली नसते. तरी प्रॅक्टिकलला आपण यीस्टच घेतो आणि व्हायव्हात उत्तर मात्र गाईचं देतो.

इथे बडोद्यात प्रोजेक्टचे दिवस आले की मुलं विचारतात, यीस्टवर काहीतरी करता येईल असं सांगा, आणि मी हेच सांगते, कारण यातला अर्धा भाग घरच्या कुकरवर होतो, उरलेला अर्धा कॉलेजच्या साध्या लॅबमध्ये होतो, आणि शेवटी हातात जे येतं ते पुस्तकात छापलेलं नसतं. फक्त एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. एक वाट बंद केली आणि श्वास चालू राहिला म्हणून "दुसरी वाट सापडली" असं लगेच लिहायचं नाही. दुसरी पण बंद करून बघायची, मगच लिहायचं. हे का, ते पुढे लॅक्टेटच्या भागात कळेल.

आधी नकाशा

माइटोकॉन्ड्रियाच्या आतल्या आवरणात युबिक्विनोन नावाचा एक छोटा तेलकट रेणू फिरत असतो, त्याला सगळे नुसतं क्यू म्हणतात. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन निरनिराळ्या बाजूंनी येऊन क्यूवर जमा होतात आणि तिथून पुढे जातात. बडोद्याच्या जुन्या शहराच्या मधोमध असलेल्या आपल्या मांडवीसारखं, लहेरीपुऱ्यातून शिरा, पाणीगेटमधून शिरा, चांपानेर दरवाज्यातून नाहीतर गेंडीगेटमधून, मधे मांडवी लागतेच.

बेकरीच्या यीस्टमध्ये आत येणारे दरवाजे असे आहेत. एनडीआय१ हे प्रोटीन आवरणाच्या आतल्या बाजूला, मॅट्रिक्समधलं (माइटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पोकळीतलं) एनएडीएच, म्हणजे अन्नातले इलेक्ट्रॉन घेऊन येणारा रेणू, तेच घेतं. एनडीई१ आणि एनडीई२ बाहेरच्या बाजूला, ते सायटोसोलमधलं (माइटोकॉन्ड्रियाबाहेरच्या पेशीद्रवातलं) एनएडीएच घेतात, म्हणजे ग्लायकोलिसिसमध्ये, ग्लुकोज फोडताना तयार झालेलं एनएडीएच आत नेण्याची खटपटच नाही. गाईच्या कॉम्प्लेक्स एकमध्ये चाळीसच्या वर तुकडे असतात आणि ही तिन्ही मात्र एकेकट्या प्रोटीनची कामं, कॉम्प्लेक्स एक अडवणाऱ्या रोटेनोनने अडत नाहीत, आणि महत्त्वाचं म्हणजे प्रोटॉन आवरणापलीकडे पंप करत नाहीत (त्या प्रोटॉनच्या जोरावरच पाचवं कॉम्प्लेक्स एटीपी बनवतं), त्यामुळे तेवढं एटीपी कमी मिळतं. शिवाय सक्सिनेट कॉम्प्लेक्स दोनमधून येतं आणि ग्लिसरॉल-३-फॉस्फेट जीयूटी२ मधून. हे एनडीआय१ इतकं सुटसुटीत आहे की १९९८ मध्ये संशोधकांनी ते कॉम्प्लेक्स एक बिघडलेल्या सस्तन प्राण्यांच्या पेशींमध्ये घातलं आणि त्या पेशींचं एनएडीएच जाळण्याचं काम परत सुरू झालं. यीस्टचं एक प्रोटीन एवढ्या मोठ्या यंत्राच्या जागी उभं राहतं, मला हे अजून वाचताना भारी वाटतं.

आता बाहेर जायची वाट. नेहमीची म्हणजे क्यू, मग कॉम्प्लेक्स तीन, मग सायटोक्रोम सी (इलेक्ट्रॉन पुढे नेणारं छोटं रंगीत प्रोटीन), मग कॉम्प्लेक्स चार, मग ऑक्सिजन. आणि पर्यायी वाट म्हणजे अल्टरनेटिव्ह ऑक्सिडेज, लोखंडाचे दोन अणू असलेलं एकच प्रोटीन, ते क्यूकडून इलेक्ट्रॉन घेऊन थेट ऑक्सिजनला देतं आणि पाणी करतं. तीन आणि चार दोन्ही टळले, त्यामुळे तिथला प्रोटॉन पंपही टळला, ऊर्जा उष्णता होऊन गेली. तोट्याचा सौदा वाटतो, पण पुढची वाट तुंबली की क्यूवर इलेक्ट्रॉन साचतात आणि साचलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनवर भलत्या ठिकाणी पडून सुपरऑक्साइडसारखे त्रासदायक रेणू करतात, ते या वाटेने टळतं. शेतीत याचा परिणाम सरळ दिसतो. अझोक्सिस्ट्रोबिनसारखी बुरशीनाशकं कॉम्प्लेक्स तीनच अडवतात, म्हणून लॅबमध्ये बुरशीवर त्यांची चाचणी घेताना प्लेटमध्ये अल्टरनेटिव्ह ऑक्सिडेज बंद करणारं रसायन पण घालतात, नाहीतर बुरशी मागच्या वाटेने श्वास घेत राहते आणि औषध आहे त्यापेक्षा कमजोर दिसतं.

ही वाट कोणाकडे आहे? बेकरीच्या यीस्टकडे नाही. शायझोसॅकरोमायसिस पॉम्बेकडे नाही. यारोविया लिपोलिटिकाकडे आहे, पिकियाकडे (आता जिचं नाव कोमागाटेला झालंय) आहे, डेबॅरिओमायसिस हॅन्सेनीकडे आहे, विकरहॅमोमायसिस अनोमॅलसकडे आहे, कॅन्डिडा अल्बिकन्सकडे तर तिची दोन जनुकं आहेत. ढोबळ खूण अशी, की जी यीस्टं भरपूर साखर आणि भरपूर हवा दोन्ही असताना आंबवायला लागतात त्यांच्यात ही वाट सापडत नाही. आंबवण्याच्या त्या सवयीला क्रॅबट्री परिणाम म्हणतात, क्रॅबट्रीने १९२९ मध्ये तो कर्करोगाच्या गाठींच्या पेशींमध्ये पाहिला होता, यीस्टला ते नाव नंतर चिकटलं.

पेपर शोधताना एक घोटाळा होतो तो आधीच सांगते. पिकियामध्ये एओएक्स१ म्हणजे अल्कोहोल ऑक्सिडेज, मिथेनॉल खाणारं, त्याचा श्वसनाच्या पर्यायी वाटेशी संबंध नाही. पिकियातल्या आपल्या वाटेला एओडी म्हणतात. बाकी बहुतेक ठिकाणी मात्र एओएक्स म्हणजे आपलंच अल्टरनेटिव्ह ऑक्सिडेज.

सामान, जागा, हवामान

बेकरीचं यीस्ट म्हणजे किराणा दुकानात मिळतं ते कोरडं इन्स्टंट यीस्ट, चालतं. दुसरं यीस्ट, ज्यात पर्यायी वाट आहे, ते मात्र ओळखपत्र असलेलं घ्या, कुठल्या फळावरून वगैरे पकडू नका. चंडीगडचं एमटीसीसी आणि पुण्याच्या एनसीएलमधलं एनसीआयएम या दोन्ही सरकारी कल्चर बँका आहेत, कॉलेजच्या लेटरहेडवर मागवता येतं. यारोविया किंवा पिकिया मागवा. कॅन्डिडा अल्बिकन्स मागवू नका, ती माणसाला आजार करते, साध्या लॅबमध्ये तिचं काम नाही.

मीडियम दोन. पहिलं वायपीडी, म्हणजे यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १ टक्का, पेप्टोन २ टक्के, ग्लुकोज २ टक्के, अगार २ टक्के. दुसरं वायपीजी, सगळं तेच, फक्त ग्लुकोजच्या जागी ग्लिसरीन ३ टक्के. ग्लिसरीन केमिस्टकडचं शुद्ध, वास-रंग नसलेलं चालतं. पुस्तकात ग्लिसरीनच्या जागी बऱ्याचदा इथेनॉल लिहिलेलं असतं, पण गुजरातमध्ये दारूबंदी आहे आणि लॅबलाही इथेनॉलसाठी परमिट लागतं, त्यामुळे ग्लिसरीनच बरं, आणि पुढे कळेल की या प्रयोगात इथेनॉल नसलेलंच चांगलं. पुसापुशीला आयसोप्रोपाइल वापरा आणि बर्नर गॅसचा.

ऑटोक्लेव्ह नसेल तर घरचा कुकर चालतो, बहुतेक कुकरची शिट्टी साधारण चौरस इंचाला १५ पौंड दाबावर बसवलेली असते म्हणजे आत १२१ डिग्रीच्या आसपास. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून २० मिनिटं, आणि कुकर आपोआप थंड होऊ द्यायचा, घाईने वाफ सोडली तर बाटल्यांतलं मीडियम उतू जातं.

यीस्टला ३० डिग्री लागतं. हे वाक्य बडोद्यात नीट समजून घ्यायला हवं, कारण मे महिन्यात इथे खोलीच ३८ च्या वर असते आणि यारोविया तर ३२-३४ च्या पुढे धड वाढतच नाही, मग मुलं म्हणतात कल्चर मेलं. कल्चर नाही मेलं, खोली तापलीय. थंड इन्क्युबेटर नसेल तर यारोवियाचं काम दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आत संपवा, उत्तरायणाच्या आसपास तर फारच छान. श्रावणात प्लेटवर काळी-हिरवी बुरशी चढते तेव्हा शक्यतो प्लेट ओतूच नका, ओतल्याच तर प्लास्टिकच्या डब्यात झाकून ठेवा.

पहिली परीक्षा: ग्लिसरीनची प्लेट

ग्लिसरीन आंबवता येत नाही. त्यातून ऊर्जा काढायची तर श्वसन चालूच हवं. म्हणून वायपीडीवर वाढतं आणि वायपीजीवर वाढत नाही असं यीस्ट म्हणजे श्वसन गमावलेलं यीस्ट, इतकं सरळ.

कोरडं यीस्ट चिमूटभर घेऊन ३५ ते ४० डिग्रीच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवा, गार पाण्यात भिजवलं तर बऱ्याच पेशी फुटून जातात. मग दहा-दहा पटीने पातळ करत जा, आणि प्लेटवर शंभर-दोनशे सुट्या कॉलनी येतील इतपत पसरवा. यासाठी तिसरं एक मीडियम फार कामाचं आहे, ०.१ टक्का ग्लुकोज आणि ३ टक्के ग्लिसरीन दोन्ही एकत्र. थोडं ग्लुकोज सगळे खातात, ते संपल्यावर ज्यांचं श्वसन धड आहे ते ग्लिसरीनवर पुढे फुगतात आणि ज्यांचं नाही ते तिथेच थांबतात, चारेक दिवसांत मोठ्या कॉलनींमध्ये बारीक बारीक ठिपके वेगळे उठून दिसतात. ह्या बारक्यांना पेटीट म्हणतात. बोरिस एफ्रुसीने पॅरिसमध्ये १९४९ मध्ये याचं काम छापलं, ज्या वर्षी आपली बडोद्याची एम. एस. युनिव्हर्सिटी स्थापन झाली त्याच वर्षी, आणि त्यातून पुढे कळलं की माइटोकॉन्ड्रियाला स्वतःचा डीएनए असतो आणि तो हरवला की पेशी मरत नाही, नुसती श्वसनाला मुकते.

एफ्रुसीने अॅक्रिफ्लेविन वापरलं होतं, नंतर लोक इथिडियम ब्रोमाइड वापरायला लागले. तुम्ही काहीच वापरू नका. इथिडियम डीएनएला धरतं, उगाच हाताळायची गरज नाही, आणि लॅबमधल्या बऱ्याच यीस्टमध्ये शंभरात एखादी पेटीट आपणहून निघतेच. दोन-चार प्लेट लावल्या की तुमच्याकडे पुरेशा होतात. एखादी छान सुटी पेटीट घेऊन वायपीडीवर रेघ ओढून जपून ठेवा, ती शेवटच्या प्रयोगात सोन्यासारखी लागते.

बारीक कॉलनी दिसली म्हणजे पेटीटच असं नाही, कधी उशिरा उगवलेली साधी कॉलनी पण बारीक असते. म्हणून टीटीसीचा थर द्या, हे रंगहीन रसायन श्वसन करणाऱ्या पेशींत लाल होतं. ही पद्धत १९५७ पासूनची आहे. १.५ टक्का अगार फॉस्फेट बफरमध्ये, पीएच ७, थोडं ग्लुकोज घालून उकळा, ४५-५० डिग्रीपर्यंत निवू द्या, मग त्यात टीटीसी ०.१ टक्का होईल इतकं मिसळा आणि प्लेटवर हलक्या हाताने ओता. श्वसन चालू असलेल्या कॉलनी एक-दोन तासांत लालभडक होतात, पेटीट पांढऱ्याच राहतात. रात्रभर ठेवलं तर पेटीटवर पण गुलाबी झाक यायला लागते, म्हणून वेळेत बघा आणि फोटो काढा. टीटीसी उजेडात खराब होतं, बाटलीला फॉइल गुंडाळा. आणि जी कॉलनी पुढे हवी असेल ती थर ओतायच्या आधीच उचलून ठेवा.

मेथिलीन ब्लूचा प्रयोग शाळेत करतात तो इथे चालेल का असं बरेच विचारतात. नाही चालणार. यीस्ट मेथिलीन ब्लूचा रंग घालवतं ते डिहायड्रोजनेज चालू आहेत म्हणून, आंबवणारी पेटीट पण तो रंग घालवते, त्यातून श्वसनाची वाट कळत नाही.

केलिनने जे पाहिलं ते बघा

हे प्रोजेक्टला लागतंच असं नाही, पण मी सगळ्यांना करायला लावते. डेव्हिड केलिनने १९२५ मध्ये केंब्रिजमध्ये यीस्टवर स्पेक्ट्रोस्कोप धरला आणि त्याला प्रकाशाच्या पट्ट्यात काळ्या रेघा दिसल्या, यीस्ट हवेत हलवलं की त्या पुसट होत आणि थोडा वेळ ठेवलं की परत उमटत. सायटोक्रोम म्हणजे काय ते तिथून कळलं.

तुम्हाला लागेल हातात धरायचा छोटा स्पेक्ट्रोस्कोप, जोरदार पांढरा बल्ब (एलईडी नको, जुना फिलामेंटचा किंवा हॅलोजन), आणि यीस्टचं दाट पाणी, पाच भाग पाण्याला एक भाग कोरडं यीस्ट, चपट्या बाटलीत दीडेक सेंटिमीटर जाड थर. पाच-दहा मिनिटं न हलवता ठेवा, पेशी आतला ऑक्सिजन संपवतात, मग स्पेक्ट्रोस्कोपमधून बघा. हिरव्यात ५५० नॅनोमीटरला सायटोक्रोम सी, त्याच्या शेजारी ५६५ च्या आसपास बी, आणि नारिंगीत ६०५ च्या आसपास ए. बाटली जोरात हलवून लगेच परत बघा, रेघा फिक्या होतात. बेकरीचं यीस्ट कारखान्यात साखर थोडी थोडी देऊन भरपूर हवेत वाढवलेलं असतं म्हणून त्यात सायटोक्रोम खच्चून भरलेलं असतं आणि रेघा चांगल्या दिसतात. वायपीडीत रात्रभर वाढवलेली पेटीट जमली तर बघा, तिच्यात ए आणि बी नाहीत, सी आहे, कारण सायटोक्रोम बीचं प्रोटीन आणि कॉम्प्लेक्स चारचे तीन मुख्य तुकडे माइटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवर लिहिलेले असतात आणि सायटोक्रोम सी केंद्रकातल्या डीएनएवर.

अल्टरनेटिव्ह ऑक्सिडेजमध्ये हीम, म्हणजे सायटोक्रोमला रंग देणारा लोखंडाचा गट, नाही, त्यामुळे त्याची रेघ कधीच दिसणार नाही. म्हणूनच त्याला शोधायला ऑक्सिजन मोजावा लागतो.

मुख्य काम: ऑक्सिजन किती वेगाने संपतोय

इथून पुढचं फक्त कॉलेजच्या लॅबमध्ये, हातमोजे घालून, शिक्षकांना सांगून. जुन्या पुस्तकांत इथे सायनाइड लिहिलेलं असतं. ते आणूच नका. यीस्टचं मीडियम आंबट असतं आणि आंबट पाण्यात सायनाइडचा वायू सुटतो. कॉम्प्लेक्स चार अडवायच्या ऐवजी तीन अडवा, त्यासाठी अँटिमायसिन ए आहे. तेही विषच आहे, पण फार थोडं लागतं आणि वायू होऊन उडत नाही.

ऑक्सिजन इलेक्ट्रोड असेल तर उत्तम. नसेल तर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा डीओ मीटर, नंदेसरीसारख्या कारखान्यांच्या भागातल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांत वापरतात तसला, कॉलेजच्या पर्यावरण विभागात बहुधा असतोच. प्रोब नीट बसेल अशी ६० मिलिलिटरची बाटली घ्या, आत छोटा चुंबक टाकून खालून ढवळत ठेवा, आणि बाटली काठोकाठ भरा, वर बुडबुडा राहिला तर तो ऑक्सिजन पुरवत राहतो आणि आकडे खोटे येतात. मीटर आधी हवा मारलेल्या पाण्यात लावून बघा. ३० डिग्रीला लिटरमध्ये साधारण ७.५ मिलिग्रॅम ऑक्सिजन दिसायला हवा, २५ डिग्रीला ८.२ च्या थोडं वर. शून्यासाठी पाण्यात सोडियम डायथायोनाइटची चिमूट.

पेशी कशा तयार करायच्या याला सगळ्यात जास्त वेळ द्या, लोक इथेच घाई करतात. २ टक्के ग्लुकोजमध्ये वाढवलेलं बेकरीचं यीस्ट श्वसन जवळजवळ दाबून बसलेलं असतं, त्याच्यावर काय मोजणार. ग्लिसरीनमध्ये वाढवा. आणि यारोविया-पिकियामध्ये पर्यायी वाट नेहमी तितकीच उघडी नसते, बऱ्याच यीस्टमध्ये वाढ मंदावायला लागते तेव्हा ती जास्त दिसते, म्हणून एकदा मधल्या वाढीत आणि एकदा वाढ थांबताना अशा दोन वेळी पेशी काढा. सेंट्रिफ्यूज करून दोनदा धुवा, फॉस्फेट बफरमध्ये घ्या. पेशींमध्ये ट्रेहॅलोज-ग्लायकोजेनचा साठा असतो आणि अन्न न देताही त्या ऑक्सिजन खात राहतात, तो खर्च कमी करायला तासभर-दोन तास बफरमध्ये नुसतं हलवत ठेवा. लिटरला अर्धा ग्रॅम कोरड्या वजनाइतक्या पेशींपासून सुरू करा. पूर्ण ऑक्सिजन सात-दहा मिनिटांत संपत असेल तर बरोबर. दोन मिनिटांत संपला तर पेशी कमी करा, कारण डीओ मीटरला आकडा पकडायलाच अर्धा-एक मिनिट लागतं.

दोन रसायनं. अँटिमायसिन ए, साठ्याचं दाट द्रावण ५ मिलिमोलर, ६० मिलिलिटरला ६० मायक्रोलिटर म्हणजे ५ मायक्रोमोलर. आणि सॅलिसिलहायड्रॉक्झॅमिक अॅसिड, सगळे त्याला शॅम म्हणतात, ते अल्टरनेटिव्ह ऑक्सिडेज बंद करतं, साठा ०.५ मोलर म्हणजे मिलिलिटरला साडेशहात्तर मिलिग्रॅम, ६० मिलिलिटरला १२० मायक्रोलिटर म्हणजे १ मिलिमोलर. दोन्ही डीएमएसओ या द्रवात विरघळवा. इथेनॉलमध्ये विरघळवायचं नाही, बऱ्याच पेपरांत तसं दिलेलं असलं तरी, कारण इथेनॉल हे यीस्टचं अन्न आहे, औषध म्हणून थेंब घालाल आणि श्वसन वाढलेलं दिसेल. शॅमचं प्रमाण मनाने वाढवू नका, जास्त झालं तर ते दुसऱ्या एन्झाइमांनाही लागतं. शॅम मिळालं नाही तर प्रोपाइल गॅलेट, खाद्यतेल खवट होऊ नये म्हणून घालतात ते, तेही हेच काम करतं.

बंद बाटलीत मधेच पिचकारी मारण्यापेक्षा चार वेगळ्या बाटल्या करा. पहिलीत फक्त डीएमएसओ, दुसरीत अँटिमायसिन, तिसरीत शॅम, चौथीत दोन्ही, आणि चारींमध्ये डीएमएसओ सारखंच, १८० मायक्रोलिटर. रसायन घातल्यावर पेशी दहा मिनिटं हवेत हलवत ठेवा, मग अन्न घाला, बाटली भरा, दर ३० सेकंदांनी आकडा लिहा. आलेखात मधला सरळ भाग घ्या, सुरुवातीचा आणि अगदी शेवटचा नको. पाचव्या बाटलीत ती जपून ठेवलेली पेटीट. बेकरीच्या पेटीटकडे चालू कॉम्प्लेक्स तीन आणि चार पण नाहीत आणि पर्यायी वाट पण नाही, म्हणून तिचा आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. शून्याच्या बराच वर आला तर बाटली गळतेय किंवा मीटर सरकतोय, आधी ते दुरुस्त करा, बाकीचे आकडे नंतर.

समजा यारोवियाचे आकडे असे आले: पहिली २०, दुसरी १२, तिसरी १८, चौथी १. तर अँटिमायसिन असताना जे १२ उरले त्यातले शॅमने ११ गेले, म्हणजे पर्यायी वाटेची क्षमता ११, आणि १ हा दोन्हींच्या बाहेरचा उरलासुरला. इथे शब्द जपून वापरा. ११ ही क्षमता आहे, म्हणजे नेहमीची वाट अडवल्यावर जास्तीत जास्त किती जाऊ शकतं. दोन्ही वाटा उघड्या असताना पेशी खरंच किती त्या वाटेने पाठवत होती ते यातून कळत नाही, त्यासाठी ऑक्सिजनच्या जड समस्थानिकावर मोजावं लागतं आणि ते यंत्र वेगळं. वीसातले अकरा म्हणून "५५ टक्के श्वसन पर्यायी वाटेने" असं रिपोर्टमध्ये लिहिलंत तर ते चूक आहे.

बेकरीच्या यीस्टवर ग्लिसरीन देऊन हेच केलं तर दुसऱ्या बाटलीतच आकडा कोसळतो आणि शॅमने काही फरक पडत नाही. दुसऱ्या बाटलीत आकडा नीट पडला नाही तर अँटिमायसिन थोडं वाढवून बघा, यीस्ट अशी औषधं आवरणातल्या पंपांनी बाहेर फेकतं.

आता लॅक्टेट

बेकरीचंच यीस्ट घ्या, पण यावेळी सोडियम लॅक्टेट २ टक्के घातलेल्या मीडियममध्ये वाढवा, ग्लुकोज अजिबात नको, आणि बाटलीत अन्न म्हणून लॅक्टेटच द्या. अँटिमायसिन घाला. ऑक्सिजन कमी वेगाने का होईना पण संपत राहतो. इथे नव्वद टक्के मुलं उड्या मारतात की बेकरीच्या यीस्टमध्ये अल्टरनेटिव्ह ऑक्सिडेज सापडलं.

मग शॅम घाला. काही बदलत नाही. म्हणजे अल्टरनेटिव्ह ऑक्सिडेज नव्हतंच. झालंय असं, की यीस्टकडे सीवायबी२ नावाचं एन्झाइम आहे, ते दोन आवरणांच्या मधल्या जागेत बसतं, एल-लॅक्टेटकडून इलेक्ट्रॉन काढतं आणि क्यूला न विचारता सरळ सायटोक्रोम सीला देतं. डी-लॅक्टेटसाठी तसंच वेगळं एन्झाइम आहे, डीएलडी१. सायटोक्रोम सी कॉम्प्लेक्स तीनच्या पुढे आहे, त्यामुळे अँटिमायसिन कितीही घाला, इलेक्ट्रॉन त्याच्या मागून नाही पुढून शिरतायत, आणि कॉम्प्लेक्स चार आपलं काम करतंय. ही पण पर्यायी वाटच आहे, फक्त बाहेर जायची नाही, आत यायची. ग्लुकोजमध्ये वाढवलेल्या पेशींवर हे दिसत नाही, ग्लुकोज असताना सीवायबी२ बनतच नाही, म्हणून वाढवण्यापासूनच लॅक्टेट लागतं.

या दोन निकालांची तुलना रिपोर्टच्या मधोमध ठेवा. यारोविया अँटिमायसिनला पुरून उरते आणि शॅमने थांबते. लॅक्टेटवरचं बेकरीचं यीस्ट अँटिमायसिनला पुरून उरतं आणि शॅमनेही थांबत नाही. नुसतं अँटिमायसिन बघितलं असतं तर दोघं सारखीच वाटली असती.

वेळ उरला तर प्लेटवर पण हेच करून बघता येतं, वायपीजीमध्ये अँटिमायसिन, वायपीजीमध्ये शॅम, वायपीजीमध्ये दोन्ही, आणि प्रत्येकाची जोडी वायपीडीची. बेकरीचं यीस्ट वायपीडीवर अँटिमायसिन असूनही आंबवून वाढतं आणि वायपीजीवर अडकतं. यारोविया मुळात आंबवतच नाही, म्हणून वायपीडीवर दोन्ही रसायनं एकत्र घातली की तिची पंचाईत होते, ती प्लेट नक्की लावा.

काम झाल्यावर अँटिमायसिन नसलेल्या सगळ्या प्लेट आणि बाटल्यांतल्या पेशी कुकरमध्ये २० मिनिटं मारूनच फेका. अँटिमायसिन असलेलं पाणी आणि प्लेट मात्र बेसिनमध्ये टाकू नका आणि कुकरमध्येही घालू नका, ते माशांना फार विषारी आहे, वेगळं साठवून नाव-तारीख लिहून कॉलेजच्या रासायनिक कचऱ्यात द्या.